बाळाचा इअरमफ: मिरवणुकीसाठी घ्या, मिक्सरसाठी नको

श्रावण लागला की लहान मुलांच्या इअरमफची (दोन्ही कान झाकून आवाज कमी करणाऱ्या वाट्यांची) चौकशी सुरू होते आणि दिवाळीपर्यंत चालू राहते. ढोल-ताशा, डीजे, लग्नाची वरात, फटाके या सगळ्यांत बाळाचे कान कसे सांभाळायचे, हा प्रश्न अगदी रास्त आहे. पण ऑनलाइन दुकानांत ही वस्तू 'बाळाची आवाजाची भीती घालवणारी' म्हणून विकली जाते, तिथे आमची हरकत आहे. इअरमफ कान राखतो. भीती घालवणं हे वेगळं काम आहे, त्याची रीत वेगळी आहे, आणि भलत्या जागी इअरमफ वापरला तर ते काम उलट अवघड होतं. म्हणून या परीक्षणात वस्तूसोबत तिच्या वापराबद्दलही लिहिलं आहे.

बाजारात दोन घाट मिळतात. पहिला, रुंद इलॅस्टिक पट्ट्याचा, अगदी लहान बाळांसाठी. अल्पाइन मफी बेबी हा याच जातीचा. दुसरा, डोक्यावरून जाणाऱ्या कडक कमानीचा. बान्झ आणि थ्री-एम पेल्टर किड हे त्यातले ओळखीचे. याशिवाय पाचशे ते हजार रुपयांत बिननावाचे ढीगभर मिळतात. परदेशी नावाचे साधारण त्याच्या तिप्पट-चौपट किमतीला जातात. फरक फक्त नावाचा नाही. चांगल्या इअरमफच्या खोक्यात एक कागद असतो आणि त्यावर तक्ता असतो: १२५ हर्ट्झपासून ८००० हर्ट्झपर्यंत कुठल्या पट्टीतला आवाज किती डेसिबलने अडतो, याचा. युरोपचा ईएन ३५२-१, अमेरिकेचा एएनएसआय एस३.१९ किंवा ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचा १२७० यांपैकी एखाद्या मानकाचा क्रमांकही असतो. नुसतं '२५ डेसिबल' छापलंय, तक्ता नाही, मानक नाही, तर ती वस्तू कानाला ऊब देणारी टोपी समजा. 'नॉइज कॅन्सलिंग' या शब्दालाही भुलू नका. बाळाच्या इअरमफमध्ये बॅटरी, सर्किट काही नसतं आणि नसावंच. काम करते ती वाटीची जाडी, आतला फोम आणि कानाभोवती घट्ट बसणारी गादी.

आता खोक्यावरच्या आकड्याचा हिशेब. तो आकडा प्रयोगशाळेतला असतो, नीट बसवलेल्या इअरमफचा. अमेरिकेतल्या नायॉश या कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेने १९९८ मध्ये दिलेला हिशेब असा: इअरमफच्या एनआरआरमधून (खोक्यावरच्या अमेरिकी आकड्यातून) आधी २५ टक्के वजा करा आणि आवाज साध्या 'ए' मापात (कानाच्या जाणिवेप्रमाणे केलेल्या मापात, म्हणजे डीबीएत) मोजला असेल तर आणखी ७. म्हणजे खोक्यावर २६ असेल तर २६ चे साडेएकोणीस होतात आणि त्यातून ७ गेले की हातात साडेबारा डेसिबल उरतात. हा हिशेब मोठ्यांच्या कानांवर बेतलेला आहे. वळवळणाऱ्या बाळाच्या डोक्यावर याहून जास्त धरू नये.

पुण्यात विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावर सीओईपी या अभियांत्रिकी संस्थेचे विद्यार्थी आवाज मोजतात. काही वर्षी तिथली सरासरी १०० डेसिबलच्या वर गेली आहे. मोठ्या कामगाराच्या कानाला नायॉशच्या मर्यादेप्रमाणे १०० डेसिबल फक्त १५ मिनिटं चालतो. मुलांसाठी मोजपट्टी आणखी कडक आहे: जागतिक आरोग्य संघटनेने हेडफोनवर ऐकण्यासाठी मुलांना आठवड्याला ४० तास ७५ डेसिबल ही मर्यादा सांगितली आहे. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. तोच नियम मिरवणुकीला लावला तर १०० डेसिबलला बाळाचा अख्ख्या आठवड्याचा वाटा साडेसात मिनिटांच्या आत संपतो. नीट बसलेल्या २६ च्या इअरमफने तोच वाटा सव्वादोन तासांपर्यंत ताणता येतो. फरक मोठा आहे, वस्तू घेण्याजोगी आहे, हे इथेच सिद्ध होतं. पण सव्वादोन तास हा कागदावरचा आकडा आहे. आमचा सल्ला अर्ध्या तासाचा, कारण वाट्या सरकतात, गादीखाली घाम येतो आणि बाळ कंटाळतं.

एक गोष्ट मात्र कुठलाच विक्रेता सांगत नाही. कुठलाही इअरमफ सगळ्या पट्टीतला आवाज सारखा अडवत नाही. ताशाची कडकड, शिट्टी, झांजा असा चिरका आवाज ३० डेसिबलपर्यंत आणि त्याहूनही जास्त अडतो. ढोलाचा ठोका आणि डीजेच्या भिंतीतला खोल 'धम्म' जेमतेम दहा-पंधरा. शिवाय तो ठोका कानातूनच येतो असं नाही, छातीत जाणवतो, कडेवर घेतलेल्याच्या अंगातून बाळाच्या अंगात उतरतो. म्हणून इअरमफ घालूनही बाळ डीजेसमोर भेदरून रडतं आणि आईवडील म्हणतात, 'वस्तू फसवी निघाली.' ती फसवी नाही, तिच्या आवाक्याबाहेरचं काम तिला दिलं होतं. ढोल-ताशा पथक लांबून बघायला इअरमफ उपयोगी आहे. डीजेच्या गाड्यासमोर कुठलाही इअरमफ घालून बाळाला नेऊ नये. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. दोन्हीकडे इमारती असलेल्या अरुंद रस्त्यात तो इतका उतरत नाही, भिंतींवर आपटून परत येतो. म्हणून बघायची जागा निवडताना गल्लीचं तोंड सोडून चौकाची मोकळी बाजू निवडा आणि मागे बाहेर पडायला वाट ठेवा.

बसवण्याकडे वळू, कारण निम्मे इअरमफ इथेच वाया जातात. कानाची पाळी पूर्णपणे वाटीच्या आत गेली पाहिजे, दुमडलेली नको. आपल्याकडे बाळाचे कान लवकर टोचतात. डूल किंवा बाळी गादीखाली आली तर दोन गोष्टी होतात: टोचल्यामुळे बाळ इअरमफ ओढतं, आणि गादी उचलली गेल्याने फटीतून आवाज आत शिरतो. एक तर त्या वेळेपुरती बाळी काढून ठेवा, नाहीतर ती वाटीच्या पोकळीत मोकळी राहील एवढी वाटी खोल आहे का ते बघून घ्या. टोपडं किंवा कुंची घालून त्यावर इअरमफ चढवू नका. कापडाची एक घडीही गादी त्वचेपासून सुटायला पुरते. थंडी असेल तर आधी इअरमफ, वरून सैल टोपी. बसवल्यावर बाळाच्या मागून आणि खालून बघा. फट बहुतेक वेळा कानाच्या मागे खाली, जबड्याच्या कोपऱ्याशी राहते. तीन-चार वर्षांच्या मुलाला सांगता येतं: दोन्ही वाट्या हाताने हलकेच दाब, आवाज आणखी कमी झाला का? झाला असेल तर इअरमफ नीट बसलेला नाही. कमानीची उंची बदला, केस मागे घ्या, पुन्हा बघा.

इलॅस्टिक पट्ट्याचा प्रकार साधारण वर्ष-दीड वर्षापर्यंत बरा. डोक्याच्या वर कडक काही येत नाही, बाळ मान मागे टेकू शकतं. पट्टा डोक्यामागून जायचा की कपाळावरून, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं आहे. सोबतच्या चित्राप्रमाणेच लावा. पट्ट्याखाली आपली दोन बोटं सहज गेली पाहिजेत. पट्टा काढल्यावर कपाळावर लाल खूण राहून ती दहा-पंधरा मिनिटांत गेली नाही तर तो घट्ट आहे. या प्रकाराचं दुखणं म्हणजे इलॅस्टिक सैल पडतं. एका हंगामानंतर, विशेषतः पट्टा ताणलेल्या अवस्थेत ठेवला असेल तर, वाट्या गालावर उतरतात.

कमानीचा प्रकार दीड वर्षापुढे घ्यावा असं आमचं मत. खोक्यावर काहीही वय छापलेलं असो, टाळू भरलेली नसताना वरून दाबणारी कमान आम्ही सुचवणार नाही. बहुतेक मुलांची टाळू वर्ष ते दीड वर्षात भरते. याचा दाब पक्का असतो, त्यामुळे आवाजही जास्त अडतो. पेल्टर किडचा युरोपीय आकडा (एसएनआर, एनआरआरपेक्षा वेगळं माप) २७ आहे आणि चालत्याफिरत्या मुलासाठी तो आम्हाला सगळ्यांत भरवशाचा वाटतो. खोट एकच, पण रोजची: मूल कडेवर असताना थकून खांद्यावर कान टेकतं, एक वाटी वर सरकते आणि तो कान उघडा पडतो. वरून बघणाऱ्याला दोन्ही वाट्या डोक्यावर दिसतात, म्हणून लक्षात येत नाही. दर पाच-दहा मिनिटांनी हात फिरवून तपासा. मूल झोपेला आलं की घरी जायची वेळ झाली असं समजा. इअरमफ घालून झोपवायचं नाही, ना पाळण्यात, ना गाडीत.

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला मिरवणुकीत नेण्यासाठी कुठलाही इअरमफ घेऊ नका. मान धरत नाही, वाट्यांचं वजन एका बाजूला ओढतं. घरात बसा, रस्त्याकडची खिडकी बंद करा, मागच्या खोलीत जा. आणि कानात कापसाचे बोळे घालण्याची जुनी सवय सोडा. कापसाने जेमतेम पाच-सात डेसिबल अडतात, शिवाय बाळ तो काढून तोंडात घालतं. फोमचे इअरप्लगही लहान मुलांना नकोत, कारण तेच: घशात अडकण्याची भीती. इअरमफच्या वाटीत आतला फोम सुटा असेल तर तोही तपासा. काही स्वस्त नमुन्यांत तो नखाने उकरून निघतो. निघाला की धोका आहेच, आणि फोम नसलेली वाटी आवाजही नीट अडवत नाही.

फोनवर आवाज मोजणार असाल तर आयफोनसाठी नायॉशचं स्वतःचं मोफत अॅप आहे, ते चांगलं आहे. इतर बऱ्याच फोनचे माइक बोलण्यासाठी बनवलेले असतात, मोठा आवाज आला की दबतात आणि १०० च्या जागी ८५-९० दाखवतात. त्या आकड्यावर विसंबून राहू नका. साधी खूण: हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतंय म्हणजे बाळासाठी आवाज जास्त आहे.

आता सवय. ऐन मिरवणुकीत, बाळ रडायला लागल्यावर बॅगेतून इअरमफ काढून डोक्यावर चढवणं ही सगळ्यांत मोठी चूक. त्या क्षणी बाळ आईच्या आवाजाने शांत होऊ शकलं असतं, तर तोच आवाज आपण कमी करतो. पुढच्या वेळी इअरमफ दिसला की रडं सुरू. म्हणून निदान दहा-बारा दिवस आधी घरी आणा. पहिले दोन दिवस तो खेळण्यांत पडू द्या. मग बाहुलीला घाला, आजोबांना घाला, स्वतः घाला आणि आरशासमोर बसा. नंतर बाळाला दहा सेकंद, हातात काहीतरी गुंतवणारं देऊन, म्हणजे हात डोक्याकडे जात नाहीत. काढायचा तो बाळाने ओढण्याच्या आधी. रोज थोडं वाढवत पाच मिनिटांवर आणा. प्रत्यक्ष वेळी शांत जागी, आवाज सुरू होण्यापूर्वी घाला, आणि बाळाचं तोंड आपल्याकडे ठेवा. ऐकू कमी येत असताना त्याला तुमचा चेहराच वाचायचा असतो. काढताना आधी गोंगाटापासून दूर या, मग एक कान मोकळा करा, क्षणभर थांबा, मग दुसरा.

फटाक्यांबाबत वेगळं सांगायला हवं. आपल्याकडे फुटण्याच्या जागेपासून ४ मीटरवर १२५ डेसिबलपेक्षा जास्त आवाज करणाऱ्या फटाक्यांना मनाई आहे. म्हणजे कायद्यात बसणारा सुतळी बॉम्बही मुलाच्या कानाला प्रचंड आहे. असा धमाका सेकंदाच्या अगदी लहान भागात होतो, कान आकसून घ्यायला वेळच मिळत नाही. इथे इअरमफ हवाच, पण अंतर त्याहून जास्त हवं. गच्चीवरून किंवा काचेआडून बघा. ठिणगी उडत असेल अशा जागी रेक्झिनची गादी आणि प्लॅस्टिकची कमान मुलाच्या डोक्यावर नकोच.

हे झालं कान राखण्याचं. मिक्सर, कुकरची शिट्टी, व्हॅक्यूम क्लीनर, मॉलच्या स्वच्छतागृहातला हात वाळवायचा ड्रायर, टॉयलेटचा फ्लश: या आवाजांसाठी इअरमफ मागणारे पालक बरेच आहेत, आणि त्यांना आमचं उत्तर 'घेऊ नका' असंच आहे. (ड्रायरला थोडा अपवाद. कॅनडात २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत मुलांच्या कानाच्या उंचीवर काही ड्रायरचा आवाज १०० डेसिबलच्या वर गेला होता. तिथे कागदाने हात पुसून बाहेर पडावं.) घरातल्या आवाजाला रोज इअरमफ घातला तर कान शांततेला सरावतो आणि साधा आवाजही मोठा वाटू लागतो. मुलाला असंही कळतं की मिक्सर खरोखरच धोक्याचा असला पाहिजे, नाहीतर आईने चिलखत का चढवलं असतं?

पाच-सहा महिन्यांपर्यंतचं बाळ मोठ्या आवाजाने दचकून दोन्ही हात फेकतं, ती प्रतिक्षिप्त क्रिया आहे; छातीशी धरा, बस. खरी भीती दिसते ती साधारण वर्षापुढे आणि दोन-तीन वर्षांत सगळ्यांत जास्त. तेव्हा आवाज कुठून आला, कधी थांबेल हे कळत नाही, म्हणून धसका बसतो. त्यावर उपाय म्हणजे आवाज ओळखीचा आणि थोडासा मुलाच्या ताब्यातला करणं. मिक्सर लावण्याआधी रोज तेच वाक्य: 'आता मिक्सर घर्रर करणार हं, मग बंद.' पहिल्यांदा मूल लांबच्या खोलीत, कुणाच्या तरी मांडीवर, दार लोटलेलं, मिक्सर पाच सेकंद. पुढची पायरी दार उघडं. मग स्वयंपाकघराचा उंबरठा. मग ओट्यापासून दोन हात लांब, कडेवर. शेवटी भांड्यात थोडं पाणी घालून, झाकण मोठ्या माणसाने धरून, बटण मुलाने फिरवायचं आणि मुलानेच बंद करायचं. दुसरी पायरी केव्हा? मूल पहिल्या पायरीला कंटाळलं की. नुसतं रडायचं थांबलं म्हणून पुढे जाऊ नका. श्वास रोखून गप्प बसलेलं मूलही घाबरलेलंच असतं. खांदे सैल आहेत का, खेळण्यात हात चालू आहे का ते बघा. एखाद्या दिवशी मूल मागे गेलं तर एक पायरी उतरा आणि तिथे दोन-तीन दिवस राहा.

ढोल आणि फटाक्यांसाठी हेच फोनवर करता येतं. ढोल-ताशाचं ध्वनिमुद्रण अगदी हळू, मूल ठोकळे खेळत असताना, दिवसातून दोनदा मिनिटभर. दोन-तीन दिवसांनी आवाज एक घर वर. सोबत डब्यावर चमच्याने ताल धरायला द्या. स्वतः केलेल्या आवाजाची भीती वाटत नाही.

हे बिघडतं ते बहुधा घरातल्या मोठ्यांमुळे. मुलाला 'धीट करायला' त्याच्या पायाशी लवंगी फोडणारे काका, 'एवढ्याला काय घाबरतो' म्हणून सगळ्यांसमोर हसणारे पाहुणे, रडतंय तरी आरतीत मोठी झांज कानाशी वाजवणारे शेजारी. एका अशा प्रसंगाने दोन आठवड्यांची पायरी-पायरीची मेहनत पुसली जाते, त्यामुळे सणाआधी घरात स्पष्ट सांगून ठेवा. उलट टोकही वाईट: प्रत्येक शिट्टीला मुलाला उचलून पळत सुटणं. आवाज झाला की जवळ घ्या, नाव सांगा ('कुकरची शिट्टी होती, संपली') आणि त्याच जागी थोडा वेळ बसून राहा.

काही मुलांना मात्र इअरमफची नाही, तपासणीची गरज असते. साध्या बोलण्याच्या आवाजालाही कान झाकणं, भीतीमुळे जेवण-झोप बिघडणं आणि महिना उलटला तरी फरक नसणं, हाक मारल्यावर न बघणं, बोलणं उशिरा येणं, किंवा आजवर ठीक असलेल्या मुलाने एकाएकी आवाजाचा त्रास करून घेणं: यात बालरोगतज्ज्ञ आणि कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. कानात जंतुसंसर्ग किंवा पाणी असू शकतं. ऐकण्याची तपासणी ओएई आणि बेरा या चाचण्यांनी तान्ह्या बाळाचीही होते. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच कामाची आहे, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखालच्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात चौकशी करता येते. फटाका जवळ फुटल्यावर मूल कान ओढत असेल, कानातून पाणी किंवा रक्त येत असेल, हाकेला ओ देत नसेल तर उद्यावर टाकू नका.

ऑटिझम असलेल्या काही मुलांना घरातल्या आवाजांतही इअरमफ लागतो. तिथे वरचा 'मिक्सरसाठी नको' हा नियम जसाच्या तसा लावू नका. किती वेळ, कुठे, कमी कसा करत जायचा, हे त्या मुलाच्या ऑक्युपेशनल थेरपिस्टबरोबर ठरवा.

देखभालीचं थोडक्यात. गादीचा शत्रू तेल. डोक्याला तेल चोपडून लगेच इअरमफ घातला की रेक्झिन कडक होतं, चिरतं, आणि चिरेतून आवाज शिरतो. तेल लावायचं ते इअरमफ काढल्यावर. पुसायला साबणाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेलं फडकं, सॅनिटायझर नाही. बुडवून धुवायचा नाही. सावलीत वाळवा, आणि उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका. थोरल्याचा धाकट्याला चालतो का? कमान पकड धरते आहे, गादी बोटाने दाबल्यावर लगेच वर येते आहे, फोम जागच्या जागी आहे, तर खुशाल चालतो. नाहीतर सुट्या गाद्या मिळणारा ब्रँड निवडल्याचा फायदा इथे कळतो: पेल्टरसारख्यांच्या गाद्या बदलता येतात, बिननावाच्याची मात्र पूर्ण वस्तूच टाकावी लागते. ऑर्डर गणपतीच्या तीन आठवडे आधी करा, म्हणजे माप चुकलं तर परत करायलाही वेळ राहतो आणि बाळाला सवय करायलाही.